करवसुलीची नोटीस आणि कायद्याची मदत

मार्च महिना जवळ आला की सोलापूर महानगरपालिकेच्या करवसुली पथकांची शहरातील पेठा-पेठांतून ये-जा वाढते. बार्शी, पंढरपूर, करमाळा, मंगळवेढे येथील नगरपालिकांची स्थिती याहून वेगळी नसते आणि गावोगावचे ग्रामपंचायत अधिकारीही याच सुमारास मागणी-नोंदवही घेऊन घरोघर फिरू लागतात. वर्ष संपण्यापूर्वी थकबाकी वसूल व्हावी हा त्यामागील हेतू रास्त आहे. उजनीहून शहरात येणारे पाणी, रस्त्यावरील दिवे, गटारे व सफाई यांचा खर्च अखेर या करातूनच भागवावयाचा असतो. कर बुडविणारा मनुष्य आपल्याच शेजाऱ्याच्या खिशात हात घालीत असतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

परंतु थकबाकीदारांच्या यादीत नाव असलेला प्रत्येक जण कर बुडविणारा असतोच असे नाही. कोणाची आकारणी चुकलेली असते, कोणी भरलेल्या रकमेची नोंद झालेली नसते, कोणाचे घर वडिलांच्या नावावरच राहिलेले असते, तर कोणापाशी खरोखरच पैसे नसतात. अशांसाठी कायद्याने काही दारे मोकळी ठेवली आहेत. मात्र ही दारे कायम उघडी नसतात; ती दिवस मोजून बंद होतात. आकारणी बरोबर होती म्हणून हरलेल्या लोकांपेक्षा मुदत टळली म्हणून हरलेल्या लोकांचीच संख्या कदाचित अधिक भरेल.

देवघरामागील कागद

एक कल्पित उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. पूर्व भागात राहणारी, विड्या वळून संसार चालविणारी एक विधवा. दोन खोल्यांचे घर पतीच्या नावावर. फेरआकारणीच्या वेळी एका खोलीत भाडेकरू असल्याची नोंद झाली. प्रत्यक्षात तेथे तिचा पुतण्या राहत होता. भाडेमूल्य वाढले, कर वाढला आणि त्याची विशेष नोटीस घरी आली. बाईंनी ती देवघराच्या मागे ठेवून दिली. पुढे बिल आले, मागणीची नोटीस आली. तीही तेथेच गेली. दोन वर्षांनी जप्तीचा कागद दाराला चिकटविण्यात आला, तेव्हा कोणीतरी ‘ओळखीचा माणूस’ भेटला आणि काही रक्कम घेऊन ‘प्रकरण मिटवितो’ म्हणाला.

या हकिकतीत बाईंची बाजू खरी होती. तरीही ती मांडण्याची संधी तिच्या हातून किमान दोनदा निसटली. ती संधी नेमकी कोठे होती आणि जप्तीचा कागद लागल्यानंतरही काय उरते, हे पाहण्यासारखे आहे.

भारतीय संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही व वसूलही करता येत नाही. ‘वसूलही’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कर योग्य असला तरी तो कायद्याने आखून दिलेल्या पायऱ्यांनीच वसूल झाला पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ व त्याच्या अनुसूचीतील करविषयक नियम यांत या पायऱ्या दिलेल्या आहेत. मालमत्ता कर १ एप्रिल व १ ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांत आगाऊ देय होतो. प्रथम बिल, मग मागणी, त्यानंतर जंगम मालमत्तेची जप्ती, स्थावर मालमत्तेची जप्ती आणि सर्वांत शेवटी विक्री, असा हा क्रम आहे. वेळेत न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. १० हजार रुपयांच्या थकबाकीवर महिन्याला २०० रुपये, म्हणजे वर्षाला २,४०० रुपये. सावकाराच्या व्याजाची निंदा करणारा मनुष्य हा हिशेब क्वचितच मांडून पाहतो.

थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजविण्याचा मार्ग राज्यातील काही नगरपालिकांनी अनुसरल्याचे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे. लिलावाची दवंडी वेगळी आणि माणसाची अब्रू वेशीवर टांगणारी हलगी वेगळी. पहिलीला वसुलीच्या कायद्यात जुनी परंपरा आहे, दुसरीला नाही. वसुली अधिकाऱ्यांनी हा भेद ध्यानी ठेवलेला बरा.

पंधरा दिवसांचे दार

आकारणीविरुद्धची पहिली तक्रार महानगरपालिका आयुक्तांकडे करावयाची असते. करपात्र मूल्य नव्याने ठरविले किंवा वाढविले म्हणजे मालकास विशेष नोटीस दिली जाते आणि तिच्यात तक्रारीची मुदत लिहिलेली असते. तक्रार लेखी असावी. तिच्यात मिळकत क्रमांक, आक्षेपाचे कारण आणि पुरावा यांचा उल्लेख असावा. वरील उदाहरणातील बाईंनी पुतण्याचे शिधापत्रिकेतील नाव, घरात स्वतंत्र वीजमीटर नसल्याची बाब आणि दोन शेजाऱ्यांची निवेदने जोडली असती, तर सुनावणीत बहुधा तेवढ्यानेच काम भागले असते. वार्षिक भाड्यातून दुरुस्तीखर्चापोटी १० टक्के वजावट मिळते. ती दिली गेली आहे किंवा नाही, हेही तेव्हाच पडताळून पाहता येते.

आयुक्तांचा निर्णय मान्य नसेल तर अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येते. सोलापुरात हे अपील दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्यापुढे चालते. त्यास १५ दिवसांची मुदत आहे आणि दोन अटीही आहेत. करपात्र मूल्याविषयी आयुक्तांकडे आधी तक्रार केलेली असली पाहिजे व ती निकालात निघालेली असली पाहिजे. दुसरी अट अधिक जड आहे. वादग्रस्त कराची अपिलाच्या तारखेपर्यंतची रक्कम महानगरपालिकेकडे जमा केल्याखेरीज अपिलाची सुनावणी होत नाही. ‘आधी भरा, मग भांडा’ ही अट अनेकांना अन्यायाची वाटते. हाच कायदा तेव्हा गुजरातमध्येही लागू होता आणि अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या प्रकरणात ही अट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे व तो देताना कायदा अट घालू शकतो, असे न्यायालयाने १९७५ साली ठरविले.

म्हणूनच आयुक्तांपुढील पहिल्या तक्रारीचे मोल मोठे आहे. त्या टप्प्यावर विवादित रक्कम अगोदर जमा करण्याची अट नसते. गरीब माणसाने आपली सारी ताकद तेथेच लावावी. प्रत्यक्षात याच्या उलट घडते. पहिली तक्रार पोस्टकार्डवर दोन ओळींत लिहिली जाते आणि वकील शोधण्याची धावपळ जप्तीच्या दिवशी सुरू होते.

मुदत टळल्यावर सारेच संपले असेही नाही. उशिराचे सबळ कारण दाखवून अपील दाखल करून घेण्याची विनंती करता येते, परंतु ती मान्य होईलच अशी शाश्वती नसते. याहून भरवशाचा मार्ग पुढील वर्षाचा आहे. आकारणीचे पुस्तक दरवर्षी नव्याने तयार केले नाही तरी त्याविषयीची जाहीर सूचना दरवर्षी द्यावी लागते आणि त्या वर्षापुरती तक्रार करता येते. चालू वर्षात आकारणी पुस्तकातील चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा अधिकारही आयुक्तांना आहे. मागील दोन वर्षांचा भार बाईंच्या डोक्यावरून उतरला नाही, तरी तिसऱ्या वर्षापासून तो हलका होऊ शकतो. त्याचबरोबर पतीच्या जागी वारस म्हणून स्वतःच्या नावाची नोंद करून घ्यावी; अन्यथा पुढील नोटिसाही मृताच्याच नावे येत राहतील आणि त्या कोणी घ्याव्यात यावरून घोळ होईल.

नागरी वस्त्या वाढतात तसा आणखी एक घोटाळा होतो. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, शेळगी, सोरेगाव यांसारखी गावे महानगरपालिकेत आली आणि तेथील घरांना ग्रामपंचायतीऐवजी महानगरपालिकेची बिले येऊ लागली. उलटपक्षी शहरातील कोंदट खोल्या सोडून विडी व असंघटित कामगारांची हजारो कुटुंबे दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी परिसरात राहावयास गेली आहेत. प्रथम गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि नंतर ३० हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पहिल्या १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. घर बदलले की कर घेणारी संस्था बदलते, कायदा बदलतो, अपिलाचे ठिकाणही बदलते. नोटीस हाती पडल्यावर रकमेकडे पाहण्यापूर्वी तिच्या शीर्षभागी कोणत्या संस्थेचे व कोणत्या अधिनियमाचे नाव आहे ते वाचावे.

ग्रामपंचायतीचा कर

ग्रामपंचायतींची आकारणी व वसुली महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि १९६० चे कर व फी नियम यांनुसार होते. येथे कागद थोडे, पण नेमके असतात. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ ही कर मागणीची नोंदवही आणि नमुना १० ही कराची पावती. आकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर तिच्यावर हरकत घेता येते. (तलाठ्याकडील ‘आठ अ’ हा जमिनीच्या खात्याचा उतारा असून त्याचा या नमुना ८ शी संबंध नाही, दोहोंची गल्लत सुशिक्षितही करतात.) आपल्या घराचे क्षेत्र, बांधकामाचा प्रकार व भोगवटादाराचे नाव नमुना ८ मध्ये कसे लिहिले आहे, ते उतारा काढून पाहावे. पत्र्याच्या घरापुढे ‘आर. सी. सी.’ अशी नोंद असेल तर पुढची सारी बेरीज चुकीचीच येणार.

आकारणी किंवा कर लादणे यामुळे व्यथित झालेल्या इसमास कलम १२४ नुसार पंचायत समितीकडे अपील करता येते आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. स्थायी समितीचा निर्णय अंतिम असतो. सरपंचांशी बोलणे झाले, ग्रामसभेत विषय निघाला, आमदारांचे पत्र आणले, यांपैकी एकही गोष्ट अपील होत नाही. पंचायत समितीच्या आवक शाखेचा शिक्का असलेली अर्जाची प्रत हातात आली म्हणजेच अपील केले, असे समजावे.

पंचायत सदस्यांनी मात्र आणखी एका कलमाकडे स्वतःच्या हितासाठी लक्ष दिले पाहिजे. कलम १४ च्या पोटकलम (१) मधील खंड (ह) अन्वये, पंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कराची मागणी होऊन त्याचे बिल रीतसर बजावल्यापासून ३ महिन्यांत रक्कम न भरणारा इसम सदस्य होण्यास किंवा सदस्य म्हणून राहण्यास अपात्र ठरतो. एकत्र हिंदू कुटुंबातील एकाने कर थकविला तरी त्याचे परिणाम कुटुंबातील इतरांना भोगावे लागू शकतात. पन्नास-शंभर रुपयांच्या बाकीपायी निवडून आलेले पद गमावण्याची पाळी त्यामुळे येऊ शकते. असा वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे गेला म्हणजे सारा प्रश्न ‘बिल रीतसर बजावले काय?’ या एका मुद्द्याभोवती फिरतो. बजावणीची तारीख व सही नसलेले बिल पंचायतीच्या बाजूने उभे राहू शकत नाही आणि तारीख व सही असलेले बिल सदस्याला सोडत नाही. म्हणून बिल बजावताना पोच घेण्याची शिस्त जेवढी सदस्यांच्या हिताची, तेवढीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्याही हिताची आहे.

तहसीलदारांची नोटीस

ग्रामीण भागात सर्वाधिक धास्ती असते ती तहसील कार्यालयाच्या नोटिशीची. ती हाती पडताच मनुष्य गोंधळतो, कारण त्याची शेतसाऱ्याची रक्कम तर नाममात्र असते. याचे उत्तर असे, की अनेक कायद्यांनी आपापली येणी ‘जमीन महसुलाची थकबाकी म्हणून’ वसूल करण्याची मुभा दिलेली आहे. उजनीच्या कालव्याची पाणीपट्टी, ग्रामपंचायतीचा कर, गौण खनिजाचा दंड अशा नाना रकमा या एकाच वाटेने तहसीलदारांकडे येतात. तहसीलदार त्या रकमेचे निर्माते नसतात, वसूलकर्ते असतात. रक्कम किती व का, हा वाद ज्या कार्यालयाने ती ठरविली त्याच्याकडे न्यावा लागतो. वसुलीची रीत चुकली असेल तर तो वाद महसूल अधिकाऱ्यांकडे. या दोहोंतील फरक न कळल्याने माणसे महिनोन् महिने चुकीच्या दारात उभी राहतात.

१५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये वसुलीचे मार्ग दिलेले आहेत. मागणीची नोटीस, जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री, स्थावर मालमत्तेची जप्ती व विक्री आणि काही प्रसंगी अटक हे त्यांतील प्रमुख होत. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेने ज्या वस्तूंना जप्तीतून संरक्षण दिले आहे, त्या येथेही जप्त करता येत नाहीत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, स्त्रीने धर्माचाराप्रमाणे अंगावरून दूर करू नयेत असे अलंकार, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची उपजीविकेस आवश्यक अवजारे, जनावरे व बियाणे यांचा त्यांत समावेश होतो. हातमागावर स्वतः बसून विणणाऱ्या माणसाचा माग हे त्याचे हत्यार मानण्यास जागा आहे. चार यंत्रमाग लावून कामगार ठेवणाऱ्या मालकाला तेवढ्या सहजपणे तसे म्हणता येणार नाही. सोलापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. जप्तीच्या वेळी पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी अशा वस्तूंविषयीची हरकत त्याच पंचनाम्यात लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

स्थावर मालमत्तेच्या विक्रीची सूचना लावल्यापासून किमान ३० दिवस लोटल्याखेरीज विक्री करता येत नाही. विक्री झाल्यानंतरही ३० दिवसांच्या आत थकबाकी व ठरलेली जादा रक्कम भरून, अथवा विक्रीच्या प्रसिद्धीत वा प्रत्यक्ष विक्रीत गंभीर अनियमितता, चूक किंवा लबाडी झाली असल्याचे दाखवून, ती रद्द करण्याचा अर्ज करता येतो. तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील होते. अटकेच्या अधिकाराविषयी एवढेच सांगणे पुरे, की केवळ दारिद्र्यामुळे देणे न फेडू शकणाऱ्याला तुरुंगात टाकणे न्यायाला धरून नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात स्पष्ट केली. ते प्रकरण दिवाणी हुकूमनाम्याचे होते. पण त्यातील तत्त्व वसुली करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावे असे आहे.

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. पैसेवारी ५० पैशांहून कमी आलेल्या गावांना जमीन महसुलात सूट वा वसुलीस स्थगिती अशा सवलती शासन वेळोवेळी जाहीर करते. परंतु सवलतीचा आदेश निघणे आणि तो शेतकऱ्याला ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात नेमके हेच ओळखून पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपले कार्यकर्ते खेडोपाडी धाडले आणि सरकारच्याच ‘फॅमिन कोड’ने साऱ्याबाबत कोणत्या सवलती देऊ केल्या आहेत, ते रयतेला समजावून सांगितले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्याच गोष्टीचा पाठपुरावा केला. सरकारचा नियम सरकारच्याच प्रजेला वाचून दाखविणे हा त्या काळी गुन्ह्यासारखा मानला गेला आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. आज तेच काम करणे ही शासनाने स्वतःवर घेतलेली जबाबदारी आहे.

मोफत वकील कोणाला?

मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायदेविषयक साहाय्य देण्याच्या प्रश्नावर समिती नेमली होती. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३९-अ हा अनुच्छेद आला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. सोलापूरचे जिल्हा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे.

मोफत वकील फक्त फौजदारी खटल्यातील आरोपीला मिळतो, असा एक दृढ गैरसमज आहे. कायद्याचे शब्द याहून कितीतरी व्यापक आहेत. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा अन्य प्राधिकारी यांच्यापुढील कोणत्याही कार्यवाहीत मदत करणे आणि कायद्याच्या बाबतीत सल्ला देणे, या दोहोंचा ‘विधी सेवे’त अंतर्भाव होतो. ‘न्यायालय’ या संज्ञेत महसूल न्यायालयही येते. म्हणजे आयुक्तांपुढील तक्रार, पंचायत समितीपुढील अपील आणि उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील अपील या सर्व ठिकाणी ही मदत मागता येते.

पात्रतेची यादी कलम १२ मध्ये आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेले लोक व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता ही सेवा मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे आणि त्याबाबत प्रतिज्ञापत्र दिले तरी सामान्यतः चालते. वरील उदाहरणातील विडी कामगार बाई केवळ स्त्री या नात्यानेच पात्र होती. तिला कोणत्याही ‘ओळखीच्या माणसा’ची गरज नव्हती. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे किंवा कसे, एवढे मात्र प्राधिकरण पाहते.

या मदतीची सीमाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, कागदपत्रे तयार करण्याचा खर्च यांची तरतूद होते. कर किंवा अपिलापूर्वी जमा करावयाची रक्कम प्राधिकरण भरत नाही. ती व्यवस्था पक्षकारालाच करावी लागते. ज्याचा आकारणीविषयी वाद नाही, केवळ पैशांची अडचण आहे, त्याने वकिलाकडे जाण्यापूर्वी संबंधित कार्यालयाकडे हप्त्यांसाठी लेखी विनंती करावी आणि शास्तीत सूट देणारी अभय योजना चालू आहे काय याची चौकशी करावी. व्यापाऱ्यांच्या वस्तू व सेवा करालाही हेच तत्त्व लागू आहे. आदेश हाती आल्यापासून ३ महिन्यांत अपील, त्यासाठी विवादित कराच्या १० टक्के रकमेचा भरणा, आणि वाद नसलेल्या थकबाकीसाठी अर्ज केल्यास २४ पर्यंत मासिक हप्ते, अशी तेथील सोय आहे. चादरी व टॉवेलांच्या लहान उत्पादकांनी ती आपल्या कर सल्लागाराकडून वेळीच समजून घ्यावी.

लोकन्यायालयात बसताना

अलीकडे राष्ट्रीय लोकन्यायालयापूर्वी घरपट्टी व पाणीपट्टीच्या थकबाकीबाबत दाखलपूर्व प्रकरणांच्या नोटिसा मोठ्या संख्येने पाठविल्या जातात. न्यायालयाचा शिक्का पाहून वृद्ध माणसे घाबरतात. ही नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे, खटलाही नव्हे. ते तडजोडीचे निमंत्रण असते. शास्तीबाबत सवलत मागण्याची ती चांगली संधी असते, म्हणून तेथे जरूर जावे. मात्र लोकन्यायालयाचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असून त्यावर अपील नाही. एकदा सही केली की आकारणीच चुकीची होती हा मुद्दा मागाहून काढणे दुरापास्त होते. तेव्हा मूळ कर किती, शास्ती किती, कोणत्या वर्षाची, पूर्वी भरलेली रक्कम वजा झाली की नाही, ही आकडेवारी टेबलापाशी बसूनच तपासावी. आकडे पटले नाहीत तर तडजोड न करता उठण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्याबद्दल कोणतीही शिक्षा होत नाही.

शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्याकडे लोक नोटीस वाचून घेण्यासाठी येतात. त्या वेळी रकमेबद्दल मत देण्याची घाई करण्यापेक्षा नोटिशीच्या मागील बाजूस ती मिळाल्याची तारीख लिहून द्यावी, पाकीट जपून ठेवावयास सांगावे आणि मुदतीचा शेवटचा दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करून द्यावी. प्राधिकरणाकडे जाताना ती नोटीस, शेवटच्या भरण्याची पावती, आकारणीचा उतारा, शिधापत्रिका किंवा आधारपत्र आणि मालक मृत असल्यास मृत्यूचा दाखला एवढे कागद सोबत असले म्हणजे पहिल्याच भेटीत अर्ज लिहून होतो. ज्यांना सोलापूरपर्यंत येणे जमत नाही त्यांनी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. वादग्रस्त रक्कम भरावीच लागली तर ती ‘हरकत राखून’ भरत असल्याचे वेगळ्या पत्राने कळवावे आणि त्या पत्राच्या स्थळप्रतीवर आवक शाखेचा शिक्का व तारीख घेऊनच कार्यालयाबाहेर पडावे.